गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून

तुझा प्रश्न थोडक्यात असा. साखळीहून वेर्ण्याला कंपनीच्या बसने जाऊन-येऊन तीन तास जातात, तेवढा वेळ कानात गाणी असतात, पण मोबाईल फिरून फिरून तीच तीच पुढे करतो. शास्त्रीय, जॅझ, पाश्चात्त्य, जगातलं आणखी कुठलं, सगळंच ऐकून बघावंसं वाटतं, पण धरायचं कुठून ते कळत नाही. ‘सर, तुम्ही सध्या काय ऐकता? एक यादी करून द्या.’

यादी देतोच. पण नुसती नावं दिली तर दोन दिवस ऐकशील आणि सोडशील, म्हणून ती मी कशी करतो ते आधी सांगतो. तू माझ्याकडे दोन वर्षं पेटी शिकलीस, त्यामुळे पट्ट्यांच्या भाषेत बोललं तरी चालेल.

पस्तीस वर्षं मी साथ करतोय. देवळातला सप्ताह, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, भजनी स्पर्धा, अधूनमधून मोठ्या गवयाची मैफल. बैठकीत गाणाऱ्याच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असते. त्यामुळे आयुष्यभर गाणं मी बाजूने ऐकत आलो. विशीत असताना फोंड्याजवळच्या एका देवळात एका ज्येष्ठ गायकांच्या साथीला बसलो होतो. यमन चालला होता. माझा हात नुकता तयार झाला होता आणि तो दाखवायची घाई होती. ते जी जागा घेत, ती मी लगेच, थोडी सजवून वाजवत होतो. दहा-पंधरा मिनिटं त्यांनी सोसलं. मग गाणं न थांबवता डावा हात लांब केला आणि माझ्या पेटीचा भाता धरला. माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटी मुकी झाली आणि त्या रिकाम्या जागेत मला त्यांच्या मागचे दोन तंबोरे आणि डग्ग्याचा घुमारा त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आला. दोन आवर्तनांनंतर त्यांनी हात काढला. तेव्हापासून कुठलंही संगीत लावलं की मी आधी साथ करणारा शोधतो.

हीच माझी पद्धत आणि तीच तुला देतोय. मुख्य आवाज आपोआप ऐकू येतो, त्यासाठी काही करावं लागत नाही. परका गायनप्रकार ऐकताना आपण बिचकतो तेही त्या मुख्य आवाजामुळेच, कारण त्याची भाषा, त्याचा लगाव, त्याचं रडणं-हसणं आपल्या सवयीचं नसतं. साथीदाराचं काम मात्र जगात कुठेही गेलं तरी एकच असतं. काळ धरायचा, सूर धरायचा आणि कुठे गप्प बसायचं ते ओळखायचं. हे काम तू दोन वर्षं केलंयस. त्याचं बोट धरून कुठल्याही घरात शिरता येतं.

सुरुवात घरापासूनच कर. श्रावण चालू आहे, चतुर्थी तोंडावर आली आहे, आमच्या वाड्यावर रोज रात्री घुमट आरतीची तालीम असते. तू हे लहानपणापासून ऐकतेस, पण कान देऊन ऐकलंयस का ते विचार. घुमट म्हणजे मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या पंजाने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज वर-खाली करायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते योग्यच झालं. आता या चतुर्थीला एक कर. आठ-दहा घुमटं एकदम वाजत असतील तेव्हा ती सोडून दे आणि दोन बारीक काठ्यांनी वाजणारा शामेळ ऐक. तो सापडला की कासाळं, म्हणजे झांजा, ऐक. सगळी घुमटं ज्या काळावर उभी असतात तो काळ या दोघांच्या हातात असतो. कासाळं वाजवणारा बहुधा कोपऱ्यात असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. एक आरतीभर त्याच्याकडे बघ.

घुमटापासून पुढची वाट मातीतूनच जाते. तमिळ देशातला घटम् ऐक. त्याला कातडंच नाही, नुसतं मडकं. विक्कू विनायकराम यांनी तो जगभर नेला. सत्तरच्या दशकातला ‘शक्ती’ हा संच लाव. जॉन मॅकलॉफलिन गिटारला, एल. शंकर व्हायोलिनला, झाकीर हुसेन तबल्याला आणि विनायकराम घटम्‌वर. गिटार इतक्या वेगाने धावते की पहिल्यांदा दुसरं काही ऐकूच येत नाही. दुसऱ्यांदा लावशील तेव्हा फक्त मडक्याच्या मागे जा. विनायकराम घटम्‌चं तोंड पोटाशी दाबतात आणि सोडतात, त्याने आवाज बसतो आणि उघडतो. आपला घुमटवाला डाव्या पंजाने करतो तेच काम. त्यानंतर नायजेरियातल्या इग्बो लोकांचं उडू हे वाद्य शोध. तेही मडकंच, पण पोटाला एक जादा भोक असलेलं. त्या भोकावर तळहात मारला की खोल, पाण्यासारखा आवाज निघतो. ही तिन्ही मडकी एका रात्री, एकापाठोपाठ ऐकलीस तर संगीताचे प्रकार कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात याचा विचार करायची गरजच उरत नाही.

ऐकायच्या साधनाचं इथेच सांगून टाकतो, कारण पुढची अर्धी यादी त्यावर अवलंबून आहे. मोबाईलच्या स्पीकरवर खर्जातलं वाद्य जवळजवळ नसतंच. बास गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, ती त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. म्हणजे साथीदार तिथे बसलेला असतो, पण आपण त्याला दाराबाहेर ठेवलेलं असतं. कानातली साधनं लागतीलच. पण बसमध्ये कानात घातलं तरी इंजिनाची घरघर नेमकी खालच्याच सुरांना झाकते, आणि मग आपण आवाज वाढवत नेतो, जे कानांना वाईट. म्हणून वाटणी करून टाक. बसमध्ये सारंगी, व्हायोलिन, आफ्रिकेतलं तंतुवाद्य कोरा, गिटार, माणसाचा आवाज. बास, डग्गा, घुमट, तंबोरा हे सगळं रात्री घरी, पंखा हळू करून. आणि गाणं संपल्यावर आपोआप दुसरं लागतं ती सोय बंद कर. गाणं संपल्यावर जी अर्धा मिनिट शांतता असते ती ऐकण्याचाच भाग आहे.

आता आपलं शास्त्रीय. गोमंतकीय माणूस इथे फार श्रीमंत आहे. बोरी गावचे पंडित तुळशीदास बोरकर, जन्म १९३४, गेले २०१८ साली, पी. मधुकरांचे शिष्य. त्यांचं एकल पेटीवादन तर ऐकच, पण माझा आग्रह त्यांनी केलेल्या साथीसाठी आहे. गायक श्वास घेतो तेवढ्यात ते काय ठेवतात आणि गायक परत आला की किती लवकर बाजूला होतात, ते मोज. पेटीवर १९४० साली रेडिओने बंदी घातली होती, ती १९७१ साली सैल झाली. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं, काढता येत नाही आणि तिचे सूर ठोकून बसवलेले असतात, हे त्यामागचं कारण. आक्षेप खोटा नव्हता. म्हणूनच मी स्वतः सारंगी फार ऐकतो. जे माझ्या वाद्याला कधीच येणार नाही ते तिथे ऐकायला मिळतं. पंडित राम नारायण यांनी साथ करता करता सारंगीला मैफलीच्या मध्यभागी आणून बसवलं. बसमध्ये सकाळी त्यांचा कुठलाही राग लाव. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही लाव. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला असत, त्यामुळे ते युग ऐकताना नटसम्राटांइतकाच त्या दोघांचाही विचार मनात ठेव.

मोगुबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांना मी वेगवेगळ्या कारणांसाठी ऐकतो. मोगुबाई कुर्डीच्या. मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी ओसरतं तेव्हा त्या गावचे चौथरे आणि देवळाच्या खुणा वर येतात, पावसाळ्यात पुन्हा बुडतात. मोगुबाईंना ऐकताना तबल्याच्या ठेक्यावर बोट ठेव. ठेका सरळ चालत असतो आणि बाईंचे शब्द मात्रेच्या किंचित आधी, किंचित नंतर उतरतात, तरी समेवर एकही कण इकडेतिकडे नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची लय समजून घ्यायला मला वाचून कधी जमलं नाही, मोगुबाईंच्या मागचा तबला ऐकून जमलं. किशोरीताईंच्या बाबतीत तंबोरे ऐक. आलाप थांबतो तेव्हा तंबोरा एकदम पुढे येतो, आणि आपल्या लक्षात येतं की तो मघापासून तिथेच होता, बाई त्याच्याच आत गात होत्या.

जॅझकडे याच दाराने जा. अनेकांना जॅझ म्हणजे गोंधळ वाटतो, कारण तिथे राग शोधावा तर चाल सतत बदलत असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीपासून सुरुवात करायला सांगतो. हे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत झालं. पहिल्याच रचनेत चाल ट्रम्पेटकडे नाहीच. पॉल चेंबर्स बासवर एक ओळ म्हणतात आणि बाकीचे सगळे दोन सुरांत उत्तर देतात. आपल्या भजनात म्होरक्या ओळ टाकतो आणि टाळकरी उचलतात, अगदी तसं. आता पेटी काढ. पांढरी दोनला सा धर आणि काफीचे सूर वाजव, ग आणि नी कोमल. सोळा मात्रा-गट म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा तुकडे, ही मंडळी त्या सुरांत राहतात. मग अख्खा काफी उचलून काळी दोनवर ठेव, आठ तुकडे. मग परत पांढरी दोनवर, आठ तुकडे. बत्तीस तुकड्यांचं हे आवर्तन झालं, आणि सगळे वादक आळीपाळीने त्याच आवर्तनावर विस्तार करतात. एवढं हातात बसलं की सॅक्सोफोन कितीही लांब गेला तरी तू हरवणार नाहीस, कारण काफी कधी पांढरीवर आणि कधी काळीवर आहे ते बास तुला सांगत राहील. मी हे पहिल्यांदा पेटीवर करून पाहिलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि पुढचे दोन तास मी जागचा उठलो नाही. पियानोवर बिल एव्हन्स आहेत. त्यांचा डावा हात ऐक. सूर कमी, जागा जास्त.

यानंतर मी तुला आपल्याच लोकांकडे परत आणणार आहे, कारण इथे मला थोडं मनापासून बोलायचं आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गोव्यातल्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि शिष्याने गुरूचं नाव पुढे एका गाजलेल्या गाण्यात अमर करून ठेवलं. गाणं सगळ्या देशाला पाठ आहे, ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे हे फार थोड्यांना माहीत. याच गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद रचला. त्या काळातलं कुठलंही गाणं घे, तुझ्या आईला आवडतं ते घे, आणि दुसरा अंतरा सुरू झाला की गाणाऱ्या आवाजावरून लक्ष काढून खालच्या व्हायोलिनांवर ने. तिथे वेगळीच एक चाल चालू असते. गायिका वर जाते तेव्हा ती खाली उतरते, गायिका सुरावर थांबते तेव्हा ती चालायला लागते. हे पन्नास-साठ वर्षं आपल्या कानांवर पडतंय आणि आपण ते ऐकलं नाही. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं छापून येत. व्हायोलिन वाजवणाऱ्यांची येत नसत.

हीच गोष्ट अमेरिकेतही घडली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे एकच गृहस्थ होते, जेम्स जेमर्सन. उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवायचे. ती गाणी जगभर वाजली आणि त्यांचं नाव बहुतेक तबकड्यांवर नव्हतं. ते छापलेलं दिसलं १९७१ साली, मार्विन गे यांच्या तबकडीवर. रात्री कानात घालून त्या काळातलं कुठलंही मोटाउनचं गाणं लाव आणि फक्त जेमर्सनांच्या मागे चाल. तिथून रॅपकडे जायला एक पाऊल पुरे. जेम्स ब्राउन यांच्या संचातले ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९७०च्या एका गाण्यात काही सेकंद एकट्याने ठेका धरला आहे. तो तुकडा कापून, फिरवून पुढे शेकडो रॅप गाण्यांच्या तळाशी बसवला गेला. तुझा धाकटा भाऊ जे ऐकतो त्यातही तो कुठेतरी असणारच. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा दोघांनी बसून तो ठेका शोधा.

कोकणीत गायिका लॉर्ना आणि संगीतकार ख्रिस पेरी तुला माहीतच आहेत. लॉर्नाचा आवाज सोडून मागची ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फळी ऐक, एवढंच सांगतो. मांडोबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या साष्टी तालुक्याच्या वाड्यांतून घडलेला हा कोकणी गाण्याचा प्रकार. संथ लय, व्हायोलिन, गिटार आणि घुमट. माझा एक व्हायोलिनवादक मित्र राय गावचा आहे. वीसेक वर्षांपूर्वी त्याने मला मांडोचा दुसरा आवाज गायला बसवलं. पहिला आवाज चाल म्हणतो, दुसरा तिच्या खाली दोन सुरांच्या अंतराने चालतो. मला ते जमेना. आपल्याकडे दहाजण गायले तरी एकच सूर लावतात, दुसऱ्याच्या सुराला सोडून आपला सूर धरून राहायचं हे शिकवलेलंच नसतं. मी पुन्हा पुन्हा त्याच्या सुरात जाऊन मिळत होतो. चार रविवार गेले तेव्हा एका ओळीपुरतं जमलं, आणि ती ओळ गाताना छातीत जे कापल्यासारखं झालं ते मी आजवर कुठल्या मैफलीत अनुभवलेलं नाही. या नाताळात तुझ्या एखाद्या मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये जा आणि समूहगानात वरचा आवाज सोडून खालचा धर.

पोर्तुगालचा फादू हा गायनप्रकार मी फक्त पावसाळ्यात ऐकतो, उन्हाळ्यात तो मला लागत नाही. आमालिया रॉड्रिग्ज यांचा आवाज मोठा आहे, पण ऐकायचं ते बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारसाठी. ओळ संपते आणि ती गिटार एक वाक्य बोलते, सारंगीसारखंच. कार्लुश पारेदिश यांनी ती एकट्याने वाजवली आहे, तेही बसमध्ये छान लागेल. आणि आपल्या सोनिया शिरसाट यांचा कार्यक्रम पणजीत किंवा मडगावात असेल तर चुकवू नकोस. फादू समोर बसून ऐकायची गोष्ट आहे.

मालीचा कोरा ही माझी गेल्या दोन महिन्यांतली सगळ्यात जास्त ऐकलेली गोष्ट. एकवीस तारा, खाली भोपळा, दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जनी. तुमानी दियाबाते वाजवत तेव्हा एकाच माणसाच्या हातांत खर्ज, चाल आणि वरची नक्षी अशी तिन्ही चालू असत, म्हणजे गायकही तेच आणि साथीदारही तेच. २००५ साली त्यांची आणि गिटारवादक अली फार्का तुरे यांची ‘इन द हार्ट ऑफ द मून’ ही ध्वनिफीत आली. त्यात बहुतेक वेळ गिटार एकच छोटी ओळ घोळवत बसते आणि कोरा तिच्यावर नाचतो. पेटीवर लेहरा, म्हणजे फिरून फिरून तीच एक चाल, धरून तबलजीला मोकळं सोडतो ना आपण, तोच प्रकार. तुझ्या बसप्रवासासाठी माझी पहिली शिफारस हीच आहे.

हणजुण्याच्या ट्रान्स या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताबद्दल माझं मत बरीच वर्षं वाईट होतं आणि ते मी बदललं आहे. भाच्याने मला एका यंत्राची गोष्ट सांगितली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला बासची साथ मिळावी, एवढाच हेतू. म्हणजे आपल्या लेहऱ्याच्या यंत्राचा भाऊबंद. पण त्याचा आवाज खऱ्या बाससारखा येईना, खप झाला नाही, तीन वर्षांत उत्पादन बंद पडलं. मग स्वस्तात मिळणारी ती यंत्रं तरुण पोरांनी घेतली, त्यांच्या खुंट्या पिळल्या आणि तो किंचाळणारा, वळणारा आवाजच नव्या नृत्यसंगीताचा नायक झाला. गोवा ट्रान्समध्ये जो आवाज नागमोडी फिरत राहतो तो बहुधा तोच. आणि त्याआधी, १९८२ सालीच, मुंबईतल्या चरणजीत सिंग यांनी हेच यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ठेवले होते. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर जग थक्क झालं. भैरव त्यात शोध. खाली एक सूर सतत धरून ठेवलेला आहे, तंबोऱ्यासारखा. हे सलग तासभर मला आजही ऐकवत नाही, पण एक राग मी नेटाने पूर्ण ऐकतो.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं एकच देतो आणि ते सगळ्यात कठीण आहे. बाख यांच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा रचना. पाब्लो कासाल्स यांना तेरा वर्षांचे असताना, १८९० साली, बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची स्वरलिपी सापडली. त्यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या १९३६ ते १९३९ मध्ये. इथे साथीदारच नाही. तरी पहिल्या रचनेचं पहिलं पान ऐकताना खाली खर्ज चालल्याचा भास होतो, कारण चेलो धावता धावता मधूनच खालच्या तारेला शिवून येतो आणि तो सूर आपला कान पुढच्या शिवण्यापर्यंत धरून ठेवतो. इतरांच्या साथीदारांच्या मागे चार-सहा महिने फिरलीस की हा न बसलेला साथीदार ऐकू येईल. आधी लावू नकोस.

प्रकारांच्या भिंती नसलेली एक यादी जगात आधीच आहे आणि तिच्यात आपलं माणूस आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. सत्तावीस संगीतखंड, साधारण नव्वद मिनिटं. त्यात बाख आणि बेथोव्हन आहेत, जावाचा गामेलान वाद्यवृंद आहे, चक बेरी यांचं रॉक अँड रोल आहे, अंध विली जॉन्सन यांची गिटार आहे, आणि फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्यांतलं व्हॉयेजर १ निघालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ही सगळी यादी एका रविवारी दुपारी सलग ऐक, हातातलं काम बाजूला ठेवून. केसरबाईंची पाळी येईल तेव्हा त्यांच्या मागची साथ किती हळू ठेवली आहे ते बघ. असा आवाज समोर असताना किती दबून वाजवायचं, हे त्या अनाम साथीदारांना कळलं होतं. मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेन त्याचा हिशोब नाही.

एका आठवड्यात एकच गोष्ट घे. पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा साथीदार शोध आणि शेवटपर्यंत त्याला सोडू नकोस. तिसऱ्यांदा दोघांना एकत्र ऐक. त्यानंतरही आवडलं नाही तर बिनदिक्कत टाकून दे, मला वाईट वाटणार नाही. काम करताना मागे हळू लावून ठेवायचं संगीत मी सांगणार नाही, कारण त्यात सगळ्यात आधी साथीदारच बुडतो. प्रत्यक्ष कार्यक्रम वर्षातून चार तरी ऐक. कला अकादमीतला केसरबाई केरकर समारोह, फोंड्याच्या कला मंदिरातल्या बैठका, फेब्रुवारीत जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या चॅपेलमध्ये होणारा मोंते महोत्सव, जिथे आपलं आणि त्यांचं दोन्ही होतं. शास्त्रीय गायनाला गेलीस तर समोरून पाहताना उजव्या बाजूची खुर्ची धर, तिथून पेटीवाल्याचे हात दिसतात.

राहिली तुझी पेटी. दोन वर्षं पेटाऱ्यात बंद असेल तर या पावसात सूर धरले असतील, काही पट्ट्या खाली गेल्या की वर येत नसतील. चतुर्थीआधी कुठल्याही रविवारी घेऊन ये, उघडून पुसून देतो. आणि येण्याआधी पांढरी दोनचा आणि काळी दोनचा काफी हातात बसवून ये, मी तबल्याच्या जागी मांडीवर ठेका धरीन.